तव्यात मावणारा मासा

तुम्ही कधी गळ टाकून मासा पकडला आहे का? पकडला नसेल, तरी हरकत नाही. आज आपण मनातल्या मनात एका तळ्याकाठी जाऊन बसू. हे तळे मात्र दूर, अमेरिकेत आहे.

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे गावाबाहेर तंबू ठोकून राहतात. अशा जागेला तिकडे कॅम्पग्राऊंड म्हणतात. तेथे बऱ्याच ठिकाणी एखादे लहान तळे असते. सकाळ झाली की लहान-मोठी माणसे काठ्या घेऊन काठावर बसतात.

या तळ्यांत ब्लूगिल नावाचा मासा आढळतो. तो चपटा असून बहुधा हाताच्या पंजाएवढा असतो. त्याच्या कल्ल्याजवळ निळसर झाक असते. म्हणून त्याचे नाव ब्लूगिल, म्हणजे निळ्या कल्ल्याचा मासा. अशा लहान माशांना तिकडचे लोक 'पॅनफिश' म्हणतात. पॅन म्हणजे तवा. तव्यात सबंध मावतो, तो पॅनफिश!

चला, आता तयारी करू. एक हलकी काठी घ्या. तिला नायलॉनचा बारीक दोरा बांधा. दोऱ्याच्या टोकाला गळ लावा. ब्लूगिलचे तोंड फार लहान असते, म्हणून गळही लहानच हवा. गळाला गांडुळाचा छोटा तुकडा लावा. मोठे गांडूळ लावले, तर मासा कडेकडेने कुरतडून खातो आणि गळ रिकामाच राहतो. गळाच्या हातभर वर एक तरंगणारा गोळा बांधा. झाले! आता दोरा पाण्यात सोडा आणि शांत बसा.

गोळ्यावर नजर ठेवा. तो हलला, पुन्हा हलला. घाई करू नका. तो पाण्याखाली गेला की काठी अलगद वर उचला. पाहा, मासा लागला! लहान असला, तरी तो गोल गोल फिरून दोरा कसा ताणतो आहे!

मासा हातात घेण्यापूर्वी हात पाण्याने ओला करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचे रोगांपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने तो थर निघून जातो. माशाच्या पाठीवर टोकदार काटेही असतात. हात डोक्याकडून शेपटीकडे न्या, म्हणजे काटे खाली दबतात आणि टोचत नाहीत. माशाने गळ खोल गिळला असेल, तर तो ओढून काढू नका. तोंडाजवळ दोरा कापून टाका. त्यामुळे मासा जगण्याची शक्यता वाढते.

आता खरा प्रश्न पुढे येतो. मासा ठेवायचा की सोडायचा?

तुम्ही म्हणाल, "मोठा असेल तर ठेवायचा, लहान असेल तर सोडायचा. त्यात काय विचार करायचा?" पण थांबा. काठाजवळच्या उथळ पाण्यात वाकून पाहा. तळाशी थाळीसारखे गोल खड्डे दिसतात का? ती ब्लूगिलची घरटी आहेत. वसंत ऋतूच्या शेवटी पाणी उबदार झाले, की नर मासा शेपटीने माती झाडून असे घरटे करतो. मादी तेथे अंडी घालते आणि निघून जाते. मग राखण करतो तो बाप! तो परांनी अंड्यांवर पाणी खेळवतो. अंडी खायला आलेल्या माशांना हुसकावून लावतो. घरट्यावर कोणी आले, तर तो धावून जातो. म्हणूनच तो गळालाही चटकन लागतो.

तुमच्या हातातला मोठा मासा असाच एक बाप असेल तर? तुम्ही त्याला नेले, की शेजारचे मासे थोड्याच वेळात अंडी फस्त करतील. म्हणून घरट्यावरचा मोठा नर लगेच पाण्यात सोडणे चांगले.

मग काय, सगळेच मासे सोडायचे? तसेही नाही. लहान तळ्यात मासे फार वाढले, तर खाणे पुरत नाही. मग सगळेच खुरटे राहतात. म्हणून घरट्यांपासून दूर पकडलेले काही मध्यम मासे खाण्यासाठी घेतले, तर तळ्याचे नुकसान होत नाही. एका दिवसात किती मासे घ्यावेत, याचे नियमही तेथे असतात. ते आधी विचारून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. पकडलेला जिवंत मासा बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात सोडू नका. यात काय बिघडते? ऐका.

१९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेत गेले होते. त्यांना माशांच्या अभ्यासाची आवड होती. शिकागो शहराच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल मासे भेट दिले. खाण्यासाठी उपयोग होईल, या चांगल्या हेतूने ते जपानमध्ये नेऊन वाढवले गेले. पुढे ते बिवा नावाच्या मोठ्या सरोवरात आणि इतर पाण्यांत पसरले. तेथील मूळ माशांची अंडी आणि पिल्ले ते खाऊ लागले. पुढे अकिहितो सम्राट झाले. २००७ साली त्यांनी सर्वांसमोर सांगितले, की या गोष्टीचे मला दुःख होते. आज बिवा सरोवरात ब्लूगिल गळाला लागला, तर तो पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे.

आपल्या देशातही असे घडले आहे. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आता तो महाराष्ट्रातील अनेक तळ्यांत व नद्यांत दिसतो.

पाहा, मासा एकच. अमेरिकेच्या तळ्यात तो घरचा, जपानच्या सरोवरात तो परका. एका ठिकाणी त्याला सोडणे ही दया, तर दुसऱ्या ठिकाणी तेच नुकसान. म्हणून नुसती दया पुरेशी नाही, तिच्या जोडीला माहिती हवी. मासा हातात आला, की आधी पाण्याकडे पाहा आणि मग ठरवा.

शब्दार्थ
गळ – मासे पकडण्याचा आकडा
कल्ला – माशाचा श्वास घेण्याचा अवयव
हुसकावणे – पळवून लावणे
फस्त करणे – सगळे खाऊन टाकणे
खुरटा – वाढ न झालेला

स्वाध्याय
१. मासा ओल्या हाताने का धरावा?
२. नर ब्लूगिल अंड्यांची राखण कशी करतो?
३. 'नुसती दया पुरेशी नाही, तिच्या जोडीला माहिती हवी.' असे लेखक का म्हणतो?
४. तुमच्या गावाजवळच्या तळ्यात किंवा नदीत कोणते मासे मिळतात? घरातील मोठ्या माणसांना विचारून पाच वाक्ये लिहा.