गाणाऱ्या घरातला गप्प संगणक

गाणं रेकॉर्ड करायला संगणक हवाय, हे दुकानात शिरल्या शिरल्या सांगू नकोस. 'म्युझिक' हा शब्द ऐकला की दुकानदार गेमिंगच्या कपाटाकडे वळतो. काचेचं कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे, चार-पाच पंखे आणि तुझं अर्धं बजेट गिळणारं ग्राफिक्स कार्ड. यातल्या एकाही गोष्टीचा तुझ्या गळ्याशी संबंध नाही. आवाजाचं गणित प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्ड नाही. ते तापलं की त्याचे पंखे घुमतात आणि ती घूं-घूं सरळ तुझ्या माईकमध्ये जाते. म्हणजे पैसे देऊन आपणच गोंगाट घरात आणायचा.

आधी तुझ्या कामाचं माप काढू. तू गाणार, तुझी आई पेटीवर, कधीमधी शेजारचे पखवाजवाले. माईक संगणकाला जोडणारा तुझा इंटरफेस दोन माईकचा, म्हणजे एका वेळी दोनच ट्रॅक भरायचे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला एका माईकचं एक मिनिट सुमारे साडेआठ एमबी होतं. दहा ट्रॅकचा सहा मिनिटांचा अभंग धरलास तरी सगळं मिळून अर्ध्या जीबीच्या जरासं वर. एवढं लिहून घ्यायला जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा पुरते. ९६ किलोहर्ट्झचा आग्रह कुणी धरला तर हसून सोडून दे. फायली दुप्पट होतील, प्रोसेसरचं ओझंही दुप्पट होईल आणि ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही.

मग गाडं अडतं कुठे? वेळेवर. संगणक आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, पेल्यापेल्यानं घेतो. या पेल्याला बफर म्हणतात. पेला १२८ नमुन्यांचा ठेवलास तर तो ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांत भरतो, १०२४ चा ठेवलास तर २१ मिलिसेकंद लागतात. एक पेला जाताना, एक येताना, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. एवढ्या उशिरानं तुझाच आवाज तुझ्या हेडफोनमध्ये येतो. दहा मिलिसेकंदांत हवेतून आवाज साधारण साडेतीन मीटर जातो. साथीदार तेवढा लांब बसला तरी गाणारा निभावून नेतो. तीस-चाळीस झाले की तान जड होते, आणि तुला वाटतं आज आपला रियाजच कमी पडला. म्हणून पेला लहान हवा. आणि लहान पेला सेकंदाला शेकडो वेळा, एकदाही न चुकता रिकामा करणारं यंत्र हवं. एकदा जरी हुकलं तरी रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा आवाज बसतो, आणि तो नेमका समेवर बसतो हा माझा अनुभव.

यावर एक सोपी पळवाट तुझ्या हाताशीच आहे. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचं बटण असतं. ते दाबलं की माईकचा आवाज संगणकात जाण्याआधीच कानात येतो, उशीर जवळपास शून्य. मग बफर मोठा ठेवलास तरी चालतं आणि साध्या यंत्रावरही काम होतं. एकच अडचण: संगणकातला रिव्हर्ब गाताना कानात ऐकू येत नाही. कोरडा आवाज ऐकत गायची सवय कर. जुने लोक तसेच गायचे.

आता प्रोसेसर. इथे दुकानदाराची आवडती चाल ऐकून ठेव: 'ताई, आय-फाइव्ह कशाला, त्याच पैशात आय-सेव्हन देतो.' तो देतो तो आय-सेव्हन-४७७० असतो, २०१३ सालचा, चौथ्या जनरेशनचा. आय-पुढचा आकडा नंतर बघायचा, आधी त्याच्या पुढची संख्या वाचायची. आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह-८५०० सहा कोअरचा आहे आणि त्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा तुझ्या कामाला सरस. बाराव्या जनरेशनचा साधा आय-थ्री-१२१०० सुद्धा चारच कोअरचा असून एका कोअरच्या वेगात ८५०० च्या पुढे जातो. एका कोअरचा वेग का महत्त्वाचा? कारण एका ट्रॅकवर तू इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब अशी माळ लावलीस की ती एकामागून एकच चालते. तिची कामं सहा कोअरना वाटून देता येत नाहीत. शेवटचं अक्षरही वाच. 'टी' असेल तर तो वीज वाचवणारा, मंद प्रोसेसर. 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवायची सोयच नाही, म्हणजे नको असलेलं ग्राफिक्स कार्ड गळ्यात पडणार.

आठव्या जनरेशनच्या खाली उतरू नकोस. त्याला दुसरंही कारण आहे. विंडोज ११ अधिकृतपणे त्याखालच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार म्हणेल, 'चालवून देतो ना.' तो चालवूनही देईल. पुढच्या अपडेटला काय होईल त्याची जबाबदारी मात्र तो घेणार नाही.

रॅम १६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत असली तर बरी. वाद्यवृंदाच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी लावणाऱ्यांना ३२ लागते, पेटी-पखवाजाला नाही. विंडोज आणि सॉफ्टवेअर ५०० जीबीच्या एसएसडीवर, झालेली कामं वेगळ्या डिस्कवर. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आवाजाबद्दल मात्र बोलायचंय, यंत्राच्या आवाजाबद्दल. सिनेमाच्या गाण्यात वीस वाद्यं वाजत असतात, पंख्याची घरघर त्यात बुडून जाते. तुझ्या गाण्यात तानपुरा आणि तू. आलापात तू थांबतेस, तानपुऱ्याची तार विरत जाते, आणि तिच्या खाली कॅबिनेटचा पंखा उघडा पडतो. वर कॉम्प्रेसर लावलास की तो मोठे स्वर दाबतो, मग आपण सगळंच वर उचलतो आणि त्याबरोबर घरघरही वर येते. म्हणून दोन यंत्रं सारख्या किमतीला असतील तर गप्प असेल ते घे, वेगवान असेल ते नको.

यासाठी मी कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप सुचवतो. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. ऑफिसात दिवसभर माणसांच्या पायाशी चालायचे म्हणूनच बनवलेले, त्यामुळे बहुधा शांत. त्यात पातळ डबा घेऊ नकोस, उभा टॉवर घे. पातळ डब्यातला लहान पंखा तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरतो आणि किरकिरतो. या ब्रँडच्या यंत्रांत एक खोड असते: वीज पुरवणारा एसएमपीएस अनेकदा त्यांच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला कुठलाही बसत नाही. तो बिघडला तर त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. म्हणून खूप खपलेलं मॉडेल घ्यावं, सुटे भाग मिळत राहतात. घरी आणल्यावर धूळ झाडून घे, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घे. एवढ्यानंच पंखा बराच निवतो.

यंत्र ठेवायचं कुठे? माईकच्या पाठीमागच्या बाजूला. तुझा माईक कार्डिऑइड असेल तर तो पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. आणि जमेल तितकं लांब. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. खोलीत तेवढा उतरत नाही, पण उतरतो. यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नकोस आणि मध्ये स्वस्तातला हब लावू नकोस. पाच मीटरमध्ये आपल्याकडच्या फ्लॅटात कॅबिनेट दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवता येतं. तुझ्या आईची हरकत असेल, ती तू सांभाळ.

आता अर्थिंग. संगणकाच्या पुस्तकांत हे सापडत नाही, आणि आपल्या जुन्या इमारतींत सगळ्यात जास्त गाणी यानंच बिघडतात. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही असं समज आणि वायरमनला बोलाव. तोवर रेकॉर्डिंग बंद. संगणक, इंटरफेस, स्पीकर हे सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लाव. वेगवेगळ्या सॉकेटवर लावलंस तर दोन अर्थिंगमधून ५० हर्ट्झचा घुमारा शिरतो. कुणी तिसरी पिन कापून घुमारा घालवायला सांगेल. त्याचं मुळीच ऐकायचं नाही, त्यात जिवाशी गाठ आहे. छताच्या पंख्याचा रेग्युलेटरही बघ, गुणगुण त्यातूनही शिरते. पंखा बंद करूनच गाणार आहेस, पण शेजारच्या खोलीतला विसरतोच आपण. आणि वीज गेल्यावर घराच्या जुन्या इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नकोस. चौकोनी लहरीचा असेल तर तो अशी गुणगुण घालतो की नंतर काढता येत नाही. छोटा यूपीएस मात्र घेच. गाण्यासाठी नाही, वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायला पाच मिनिटं मिळावीत म्हणून.

मॅकचं विचारलं होतंस. एम-४ चा मॅक मिनी २०२४ च्या नोव्हेंबरात भारतात ५९,९०० रुपयांना आला: १६ जीबी रॅम, जवळपास नि:शब्द, आणि गॅरेजबँड फुकट. ज्याच्याकडे तेवढे पैसे मोकळे आहेत त्यानं डोळे झाकून घ्यावा. पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि त्या पैशात ऑफिसचा जुना डेस्कटॉप, बरा माईक आणि खिडकीला दोन जाड गोधड्या एवढं सगळं बसतं. तुझ्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. मी तुझ्या जागी असतो तर आधी गोधड्या घेतल्या असत्या.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवायची घाई नको. रीपर साठ दिवस मोफत वापरून बघता येतं, आणि व्यक्तिगत परवाना साठ डॉलरला मिळतो. चोरलेलं क्यूबेस कुणी पेनड्राइव्हवर आणून देईल, घेऊ नकोस. नीतीचं सोड, त्याबरोबर येणारे किडे मागच्या दारानं चालत राहतात आणि तोच 'टक्' पुन्हा सुरू होतो. इंटरफेसचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरव आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचाच एएसआयओ ड्रायव्हर निवड, विंडोजचा नेहमीचा नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेव. बरीच 'टकटक' तिथूनच येते.

खरेदीला रविवारी जाऊ नकोस, लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी मला दादरला भेट. येताना तुझा इंटरफेस, त्याची वायर, हेडफोन आणि लॅटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर भरलेला पेनड्राइव्ह आण. यंत्र दुकानदाराच्याच काउंटरवर लावून दहा मिनिटं लॅटन्सीमॉन चालवायचं; कुठला ड्रायव्हर संगणकाला अडवून धरतो ते त्यात नावानिशी दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फोनं एसएसडीची तब्येत बघायची. दुकानात गोंगाट असतो, म्हणून पंखा ऐकायचा तर कॅबिनेटला कान लावायचा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. जीएसटीचं बिल घ्यायचं, वॉरंटी किती महिन्यांची ते त्याच्यावर लिहून आणि शिक्का मारून घ्यायचं. तोंडी वॉरंटीवर तो हजार-पाचशे कमी करायला निघेल. तेवढ्यासाठी बिल सोडायचं नाही.