नाटकातील गाठ

गिरगावात किंवा दादरला नाटकाचे मध्यंतर झाले, की चहाचा पेला हाती घेतलेले प्रेक्षक एकमेकांस विचारू लागतात, ‘आता पुढे काय होणार?’ हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उद्भवत नाही. नाटककाराने प्रसंगांची तशी जुळणी केलेली असते. या जुळणीस संविधानक असे म्हणतात. प्रसंग नुसते एकामागून एक आले तर ती हकीकत होते. एका प्रसंगामुळे दुसरा घडला, म्हणजे संविधानक उभे राहते.

वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९७० साली मुंबईत झाला. गणपतराव बेलवलकरांची प्रमुख भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती. रंगभूमीवरून निवृत्त झालेले गणपतराव आरंभीच आपली सारी मिळकत मुलाला व मुलीला वाटून देतात. कोणी त्यांना फसवीत नाही, कोणी भाग पाडीत नाही. ते प्रेमाने देतात, आणि तीच नाटकाची गाठ! ‘अहो, स्वतःसाठी थोडे तरी राखून ठेवा,’ असे प्रेक्षकाच्या ओठांवर येते. परंतु त्याला बोलता येत नाही.

पुढे मुलाच्या घरी खटके उडू लागतात. नातीशी आजोबांचे मोकळे वागणे सुनेला रुचत नाही. गणपतराव पत्नी कावेरीसह मुलीकडे जातात. तेथे तर त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. वरवर पाहता अपमानाचाच प्रसंग पुन्हा घडला. पण पहिल्या वेळी जाण्यास दुसरे घर होते, या वेळी ते उरले नाही. गाठ आवळली जाते ती अशी. पुढे कावेरीही जाते, आणि एकेकाळचा नटसम्राट रस्त्यावर येतो. तेथे बूटपॉलिश करणारा राजा नावाचा मुलगा त्याला जीव लावतो. ज्यांना सर्वस्व दिले त्यांनी दुरावले, आणि ज्याला काहीच दिले नाही त्याने जवळ केले. आरंभीची ती वाटणी नसती, तर राजाच्या या मायेचे मोल प्रेक्षकाला एवढे जाणवले नसते.

या संविधानकाचे नाते शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या नाटकाशी आहे. तेथील वृद्ध राजा आपले राज्य मुलींना वाटून टाकतो. शिरवाडकरांच्या नायकाजवळ राज्य नव्हते, केवळ जन्मभराची कमाई होती. तशी वाटणी प्रेक्षागृहात बसलेल्या कोणाही वडिलांच्या हातून होऊ शकली असती.