कौलावरचं साल आणि घराचं वय

प्रश्न : आंजर्ल्याच्या आमच्या घराच्या कौलावर ‘1865’ असा ठसा आहे. घरातली वडीलधारी मंडळी मात्र घर पेशवाईतलं म्हणतात. खरं काय? आणि ते टिकवायचं कसं?

उत्तर : कौलावरच्या सालाने घराचं वय ठरत नाही. बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पूत 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढची अनेक वर्षं कौलांवर तेच साल उठवलं. म्हणजे ते कारखाना निघाल्याचं साल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे कारखाने मिशनच्या हातून गेले, त्यामुळे मिशनचं नाव असलेलं कौल बहुधा त्याआधीचं. घर त्याहून जुनं असू शकतं, कारण घरात सर्वांत जास्त वेळा बदलतं ते छप्पर. मंगळुरी कौलं येण्याआधी इथे गवताचं छप्पर किंवा कुंभाराची नळीची कौलं असत. माळ्यावर चढून तुळया नीट पाहा. आज ज्यांत काहीच बसलेलं नाही अशा खाचा दिसल्या, तर लाकूड आधीच्या छपराचं असण्याचा संभव आहे.

आता पेशवाईचं. इंग्रजांनी 1755 मध्ये आंजर्ल्याजवळचा आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेऊन पेशव्यांना दिला आणि 1756 मध्ये बाणकोट स्वतःकडे घेतलं. आंजर्ल्यावर इंग्रजांचा अंमल आला तो थेट 1818 मध्ये, म्हणजे तोवर इथे पेशवाईच. पण राज्य बदललं म्हणून गवंडी बदलला नाही. तोच जांभा, तोच फणस, तीच ओटी आणि माजघर. त्यामुळे 1810 चं घर आणि 1825 चं घर नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखणं कठीण. ट्रंकेतलं मोडीतलं वाटणीपत्र किंवा खरेदीखत वाचून घ्या. भिंतींपेक्षा ते जास्त सांगेल.

जुनं घर सरकार आपोआप जपतं, हा समज मात्र सोडा. रत्नागिरीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मघर राज्य संरक्षित स्मारक आहे, कारण ते तसं रीतसर घोषित झालं. तुमचं घर तुम्हालाच सांभाळायचं आहे.

सुरुवात छपरापासून करा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आंजर्ल्यात कितीतरी घरांची कौलं उडाली आणि पाऊस तोंडावर असल्याने लोकांनी पत्रे टाकले. त्यांना दोष कसा द्यायचा? वासे शाबूत असतील तर पुन्हा कौलं चढवता येतात, आणि मला वाटतं, ती चढवावीतच. दरवर्षी मे महिन्यातली शाकारणी चुकवू नका.

भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नका. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि नंतर ते बाहेर टाकतो. सिमेंटने ती वाट अडते, ओल आत मुरते, भिंतीत बसवलेली तुळयांची टोकं कुजतात आणि वाळवीला आयतं रान मिळतं. चुन्याचा गिलावा भिंतीला वाळू देतो. शाकारणीला माणूस वर चढेल तेव्हा प्रत्येक तुळईच्या टोकाशी त्याला टोचा खुपसून पाहायला सांगा. सहज आत गेला, तर रंगरंगोटी राहू द्या. आधी सुतार बोलवा.