तात्पर्य विचारू नका

गेल्या महिन्यात एक वडील ग्रंथालयात आले. हातात मुलाने नेलेला ‘फास्टर फेणे’. म्हणाले, “मॅडम, याला काहीतरी उपयोगाचं द्या. स्कॉलरशिपचं वर्ष आहे.” त्यांची काळजी खोटी नव्हती. मी पुस्तक ठेवून घेतलं, दुसरं दिलं. मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले. म्हणून आज तुम्हा सगळ्या पालकांशीच बोलायचं ठरवलंय.

आधी माझी चूक सांगते. या शाळेत आले तेव्हा पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. त्यामागे भीती होती. पुस्तकं डेडस्टॉकला चढलेली असतात आणि वर्षाअखेरी एखादं कमी भरलं की जाब आम्हाला द्यावा लागतो. मी कुलूप काढलं खरं, पण दुसरं घातलं. पुस्तक परत करताना मुलांनी वहीत लेखकाचं नाव, आवडलेला प्रसंग आणि तात्पर्य लिहायचं, असा नियम केला. दोन महिन्यांत वह्या सुरेख भरल्या. देवघेवीच्या रजिस्टरवर नजर टाकली तेव्हा मात्र डोळे उघडले. मुलं शोधून शोधून सगळ्यांत पातळ पुस्तकं नेत होती! लिहायला कमी लागावं म्हणून.

वही बंद केली. आता दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मी सहावीच्या वर्गात जाते आणि मोठ्याने वाचते. गोष्ट ऐन रंगात आली, बनेश फेणे नको तिथे नाक खुपसून पुरता अडकला, की पुस्तक मिटते. वर्ग ओरडतो. मी म्हणते, “पुढचं कपाटात आहे.” सोमवारी त्या एका प्रतीसाठी जी ओढाताण होते ना, ती बघायला तुम्ही यावं असं फार वाटतं.

पुस्तकं आता दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगलेली असतात, मुखपृष्ठ समोर करून. कपाटात नुसता कणा दिसतो, आणि कणा बघून दहा वर्षांचं पोर पुस्तकाकडे वळत नाही. देवघेवही पाचवीतली मुलंच बघतात. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण कुणाकडे काय आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. “ताई, ते नेऊ नका, मधे बोअर आहे,” असा सल्लाही मिळतो, आणि तो माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त चालतो.

१५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन होतो. हार, भाषणं, फोटो. होऊ दे. माझं काम १६ तारखेला सुरू होतं.

त्या वडिलांना तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं म्हटलंय, आणि तिथे काय असावं हे सांगताना गोष्टीच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख केलाय. म्हणजे गोष्ट हा अभ्यास उरकल्यावर मिळणारा खाऊ नाही, सरकारच्या लेखीसुद्धा! आणि स्कॉलरशिपचं म्हणाल, तर उतारा वाचून उत्तरं देताना कामी येते ती सलग वाचायची सवय. पण हे मी जरा नाइलाजानेच सांगतेय. फेणे उतारा सोडवायला मदत करतो म्हणून वाचायचा नसतो.

आठवीतल्या एका मुलीची आई रागावली होती, कारण मुलगी माधुरी पुरंदरे यांचं लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक घरी घेऊन आली. “वयाला शोभतं का?” शोभतं हो. आपणही वरणभात खातोच की, रोज. तिने ते तीनदा नेलं, तिन्ही वेळा मी मुकाट नोंद केली. एखादं अर्ध्यात सोडलं तरी ओरडू नका. आणि वाचून झाल्यावर “काय शिकलास?” नको. “त्याचं पुढे काय झालं?” असं विचारा आणि गप्प बसून ऐका. ऐकायला वेळ लागतो, हे कबूल.

घरात पुस्तक विकत घेणं सगळ्यांना जमेल असं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. रात्री मोबाइल हातात असतोच, एखादी गोष्ट त्यातूनच वाचून दाखवा. सहलीचा बेत असेल तर पाचगणीजवळचं भिलार बघा. २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलीत, कुठेही बसा आणि वाचा.

जाता जाता एक काम. जूनच्या मोजणीत अकरा पुस्तकं कमी भरली. त्यांत सहा फेणे. मूल्यशिक्षणाचे जाडजूड संच मात्र एकूण एक जागेवर, कोरे करकरीत. आवराआवरीत गादीखाली, दप्तराच्या मागच्या कप्प्यात काही सापडलं तर पाठवून द्या. पान फाटलं असेल तरी चालेल, चिकटपट्टी आहे माझ्याकडे. दंड नाही. आणि मूल अजून वाचत असेल, तर राहू दे तिथेच.