राखणदाराचे घर

मृग नक्षत्र लागते, पश्चिमेकडून काळे ढग चढून येतात आणि बेळगावच्या कौलारू घरांवर पहिला धुवांधार पाऊस कोसळू लागतो. त्या वेळी घरोघरी एकच धांदल उडते. दोरीवरचे कपडे, अंगणातील शेणी, पापड-कुरडयांची ताटे, सरपण, सायकल, सारे काही आत घेतले जाते. गोठ्यातील जनावरांवर एक नजर टाकली जाते. मग दार लावून आपण दिव्याखाली बसतो. अशा वेळी एक प्रश्न मात्र फार थोड्या घरांत विचारला जातो : आपला कुत्रा या घटकेस कोठे आहे?

आमच्या या सीमाभागात, मग ते बेळगाव असो, खानापूर असो वा निपाणी, पाळलेला कुत्रा बहुधा घराबाहेरच राहतो. सोवळेओवळे, जागेची अडचण, शेताची आणि अंगणाची राखण अशी त्याची कारणे आहेत. त्यात मुळातच काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. धडधाकट आणि पोटभर खाणारा कुत्रा बाहेर सुखाने राहू शकतो. परंतु त्याने बाहेर राहावे हे आपण ठरविलेले असते, त्याने नव्हे. म्हणून ते बाहेर राहणे सुसह्य करण्याची जबाबदारीही आपलीच ठरते. ही जबाबदारी कशी पार पाडावी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम आमच्याच चुकीची हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी मोत्या नावाचा एक गावठी कुत्रा होता. आम्ही मूळचे कोकणी बोलणारे, त्यामुळे आमची आजी त्यास 'सुणे' म्हणे. संस्कृतातील 'शुनक' शब्दाचेच ते रूप. शेजारचे कानडी कुटुंब त्यास 'नायी' म्हणून हाक मारी, आणि गल्लीतील मुले 'मोत्या' म्हणत. तिन्ही हाकांना तो सारखाच धावे. पावसाळ्यासाठी आम्ही त्याला जुन्या फळ्यांची एक पेटी करून दिली, वर पत्रा ठोकला, आत एक जुने पोते टाकले आणि ती पेटी परसात मोरीच्या कडेला ठेवली. आपण मोठे भूतदयेचे काम केले, असे आम्हांस वाटले. परंतु मोत्या त्या पेटीत जाईना. मुसळधार पावसातही तो शेजारच्या बैलगाडीखाली अंग आखडून बसे. आम्ही त्यास हटवादी म्हटले, ओढून पेटीत घातले आणि बाहेर येऊ नये म्हणून आखूड साखळीने बांधले.

पुष्य नक्षत्राचा तो पाऊस, ज्याला आपल्याकडे 'म्हातारा पाऊस' म्हणतात, संपण्यापूर्वीच मोत्याने अन्न सोडले. त्यास ताप भरला, उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे पडले. आम्ही त्यास पशुवैद्यांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी तपासणी करून सांगितले की, उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा हा रोग आहे. कुत्र्यास कोठे ठेवता, असे त्यांनी विचारले. आम्ही पेटीचे वर्णन केले. ते ऐकून ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचा कुत्रा तुमच्याहून शहाणा होता. तो त्या पेटीत का जात नव्हता, हे तुम्ही एकदा तरी आत हात घालून पाहिलेत का?"

आम्ही पाहिले नव्हते. मोत्या गेल्यावर पाहिले. पोते चिंब भिजलेले, तळाची फळी मोरीच्या पाण्यात, आणि कोपऱ्यात उंदराचे बीळ. तेव्हापासून जे आम्ही शिकलो, ते पुढे क्रमाने देत आहोत.

कुत्र्याच्या शरीराची उष्णता निरोगी अवस्थेत सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडी अधिक. ती टिकवून ठेवण्याचे काम त्याचे केस करतात. केसांच्या मुळाशी कोंडलेली कोरडी हवा ही त्याची घोंगडी. केस भिजले की ती हवा नाहीशी होते, आणि वर वारा लागला की अंगातील ऊब भराभर निघून जाते. नुसत्या थंडीपेक्षा थंडी, ओल आणि वारा ही तिन्ही एकत्र आली म्हणजे कुत्रा खरा गारठतो. म्हणून त्याच्या घराचे पहिले काम ऊब देणे हे नसून कोरडेपणा राखणे आणि वारा अडविणे हे होय. ऊब तो स्वतःच्या अंगाने निर्माण करतो.

यावरूनच घराचे माप ठरते. मोठे घर म्हणजे चांगले घर, हा समज चुकीचा आहे. घर फार मोठे झाले तर कुत्र्याच्या अंगाची ऊब त्यात पुरत नाही. त्याला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून निजता यावे, एवढी जागा बस्स झाली. मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्यास आतून सुमारे ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट उंच जागा पुरेशी होते. दार त्याला थोडे वाकून जाता येईल इतकेच ठेवावे, आणि ते मधोमध न ठेवता एका कडेला काढावे, म्हणजे आतील दुसऱ्या कोपऱ्यात वारा पोहोचत नाही.

घराचे तोंड कोणीकडे असावे? आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, हे भूगोलाच्या तासाला तुम्ही शिकला आहात. म्हणून दार पूर्वेकडे ठेवावे. त्यामुळे झड आत येत नाही, आणि हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊनही मिळते. घर जमिनीवर टेकवू नये. विटांवर किंवा जांभ्याच्या चिऱ्यांवर सुमारे अर्धा फूट उंच ठेवावे, म्हणजे खालून पाणी वाहून जाते. छपरास मागील बाजूस उतार द्यावा आणि दारावर ते वीतभर पुढे काढावे. नुसता पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात ताशासारखा वाजतो. तेव्हा पत्र्यावर गवताचा थर अंथरावा, अगर कौले घालावीत. मोरी, उकिरडा आणि धान्याची कोठी यांपासून घर दूर असावे, कारण जेथे दाणा आणि घाण तेथे उंदीर.

अंथरुणाविषयी विशेष सांगावेसे वाटते. दयाळू माणसे जुने लुगडे वा पोते आत टाकतात. परंतु कापड आणि गोणपाट पाणी धरून ठेवतात. त्यापेक्षा भाताचे कोरडे पिंजर उत्तम. बेळगाव-खानापूरकडे त्याला तोटा नाही. त्यात कुत्रा स्वतःच खळगा करून निजतो. पिंजर आठवड्यातून एकदा, आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही वरचेवर बदलावे. निपाणीकडील विद्यार्थ्यांना मात्र एक इशारा द्यावयाचा आहे. वखारीतील तंबाखूची काडी वा चुरा अंथरुणात घालू नये, आणि गोचीड मारण्यासाठी तंबाखूचे पाणी कुत्र्याच्या अंगास चोळू नये. तंबाखूतील निकोटिन हे विष आहे, आणि अंग चाटणाऱ्या प्राण्याच्या पोटात ते सहज जाते. रॉकेल आणि शेतातील कीटकनाशके यांनाही हाच नियम लावावा. गोचिडांवरचे औषध पशुवैद्यांकडूनच घ्यावे.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी कुत्र्याचे अंग जुन्या कोरड्या फडक्याने पुसावे. बोटांमधील बेचके आणि कानांच्या आतील बाजू विसरू नयेत, कारण तेथेच ओल राहून कातडी सडते आणि गोचीड लपतात. साचलेल्या डबक्यातील पाणी त्यास पिऊ देऊ नये. मोत्यास झालेला रोग लेप्टोस्पायरोसिस या नावाने ओळखला जातो, आणि तो माणसांनाही होतो. म्हणून आजारी कुत्र्याची जागा धुताना हातमोजे घालावेत, पायांत बूट असावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. या रोगावर कुत्र्यास लस मिळते. ती आणि पिसाळ रोगाची लस पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून घ्यावी. मोत्यास आम्ही एकच लस टोचली होती. दुसरीची आम्हांस माहितीही नव्हती.

हिवाळ्याचा विचार वेगळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे, आणि पौषातील एखाद्या रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. अशा दिवसांत बाहेरच्या कुत्र्यास नेहमीपेक्षा थोडे अधिक अन्न द्यावे, कारण ऊब अन्नातूनच निर्माण होते. दारावर गोणपाटाचा पडदा लावावा. सर्व कुत्र्यांना थंडी सारखीच सोसत नाही, हेही ध्यानी धरावे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे शिकारी कुत्रे प्रसिद्ध आहेत. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी श्वानजातींची तिकिटे काढली, त्यांत या जातीचा समावेश होता. हा कुत्रा वाऱ्यासारखा धावतो, परंतु त्याचे केस आखूड आणि अंग सडसडीत, चरबी अगदी कमी. त्यास थंडी लवकर बाधते.

उन्हाळ्यात नेमके उलट घडते. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. चैत्र-वैशाखात त्याच्या घरावर झाडाची सावली असावी, आणि मातीच्या रुंद परळात दिवसातून दोन-तीन वेळा ताजे पाणी भरावे. तो अतिशय धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात समजावा. त्यास ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. वळवाच्या पावसात गारा पडतात, विजा कडाडतात. त्या वेळी कुत्रा झाडाखाली बांधलेला राहू नये.

आता साखळीविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्याच्या ११ व्या कलमात असे सांगितले आहे की, जनावरास अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास मालकाने फिरवून न आणणे, आणि पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे अपराध होत. म्हणजे कुत्र्याचे छप्पर ही आपल्या मर्जीची गोष्ट नाही, ते त्याचे देणे आहे. महापुराच्या वेळी तर साखळी हाच फास होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगा फुगली, निपाणीजवळ महामार्ग बंद पडला, आणि नदीकाठच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा प्रसंगी कुत्र्यास बरोबर न्यावे. ते अगदीच अशक्य असेल, तर निदान त्याची साखळी सोडावी. सुटा कुत्रा पोहून वा उंचवट्यावर चढून जीव वाचवू शकतो, बांधलेला वाचवू शकत नाही.

मग कुत्र्यास घरात केव्हा घ्यावे? पिल्लू, म्हातारा, आजारी आणि विणारी कुत्री, या चौघांना दुर्दिनात बाहेर ठेवू नये. घरात नाही तर पडवीत, पडवी नसेल तर गोठ्यात, पण भिंतीच्या आड ठेवावे. धडधाकट कुत्राही थरथरू लागला, कुंई कुंई करू लागला, सुस्त पडून राहिला, तर नियम बाजूस ठेवून त्यास आत घ्यावे. आमची आजी सोवळे कडक पाळणारी. परंतु मोत्याच्या शेवटच्या रात्री तिनेच त्यास स्वयंपाकघराच्या उंबरठ्याजवळ आपल्या घोंगडीवर निजविले. सकाळी तिने घोंगडी धुतली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही.

महाभारताच्या आरंभी एका निरपराध कुत्र्याला जनमेजयाचे भाऊ मारतात, आणि त्याची आई सरमा त्याचा जाब विचारते. त्याच महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे, यातील बोध तुम्हीच शोधा.

विद्यार्थी मित्रहो, आजच्या धड्याचा गृहपाठ सोपा आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी येत्या पावसाच्या रात्री निजण्यापूर्वी कंदील वा विजेरी घेऊन बाहेर जावे, त्याच्या घरात हात घालून तळवा अंथरुणावर टेकावा आणि मनात दहापर्यंत मोजावे. तळवा कोरडा आणि उबदार राहिला, तर स्वस्थ झोपी जावे. तो ओला झाला, तर पिंजर बदलल्याशिवाय झोपू नये. आणि कुत्रा आपण दिलेल्या घरात जात नसेल, तर त्यास हटवादी म्हणू नये. तो का जात नाही, ते आधी पाहावे.

आमच्या परसात आता दुसरा कुत्रा आहे. त्याचे घर विटांवर उभे आहे, दार पूर्वेकडे आहे, आत खानापूरचे पिंजर आहे. पाऊस सुरू झाला की तो कोणी न सांगता आत जातो.