नळी आत आहे

मुलाच्या ऑपरेशनआधी आम्ही रोबोटबद्दल विचारायचं काही बाकी ठेवलं नाही. नळीबद्दल मात्र एक अक्षर विचारलं नाही.

सात वर्षांचं पोर. मधूनच पोट धरून लोळायचं, उलट्या करायचं आणि दुसऱ्या दिवशी हुंदडायला मोकळं. जंत झाले, अपचन झालं, शाळेची टाळाटाळही झाली. शेवटी सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली दिसली. मूत्रवाहिनी किडनीतून निघते तिथंच अरुंद, त्यामुळे लघवी तुंबत होती. तेवढा भाग कापून टोकं पुन्हा जोडायची, ही पायलोप्लास्टी.

ती रोबोटनं करायची म्हटल्यावर सासूबाई हादरल्या, "यंत्राच्या हाती पोर द्यायचं?" यंत्र आपणहून काही करत नाही, सर्जन त्याच खोलीत कन्सोलपाशी बसून ते चालवतात. ऑपरेशन होऊन तिसऱ्या दिवशी घरी आलो. पोटावर इवल्याशा तीन-चार खुणा. आम्ही खूश!

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, 'डीजे स्टेंट इन सीटू'. मला वाटलं, काहीतरी केल्याची नोंद असेल. तिचा अर्थ होता, नळी आत आहे. शिवण भरेपर्यंत किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली, दोन्ही टोकांना वेटोळी असलेली ती नळी सहा आठवड्यांनी काढायची होती. फॉलोअपच्या सुमारास परीक्षा आली, मग नणंदेचं लग्न. 'मुलगा ठणठणीत आहे, जाऊ निवांत.' पाचव्या महिन्यात खेळून आल्यावर त्याला लाल लघवी झाली, तेव्हा धावलो. नळीवर क्षारांचा थर धरला होता. तो फोडून मग नळी काढावी लागली, पुन्हा भूल देऊन.

मुलांची नळी काढायलाही बहुधा भूल लागते. तेव्हा घरी निघण्याआधीच विचारून घ्या: आत काही ठेवलंय का, कधी, कुठे आणि कोण काढणार, तो खर्च पॅकेजात आहे का. आमच्या नव्हता. विम्यात रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा असू शकते, तीही आधीच बघा. बाळ अगदी तान्हं असेल तर पोटात यंत्राला जागाच कमी. छोट्या छेदाची ओपन शस्त्रक्रियाही चांगली होते, त्यात कमीपणा मानू नका. माझ्या मते रोबोटची चौकशी करण्यापेक्षा, 'या वयाच्या किती मुलांचं हे ऑपरेशन तुम्ही केलंय?' हे विचारावं.

डॉक्टरांनी नळी डबीत घालून दाखवली. टोकाला वाळूसारखा पिवळट थर होता. मुलगा म्हणाला, "आई, हे माझ्या पोटात होतं? तुला माहीत होतं?"