प्रागमध्ये बिअर: एका संध्याकाळचा हिशेब

‘प्रागमध्ये बिअर पाण्यापेक्षा स्वस्त’ हे ऐकून गेलेला पर्यटक जुन्या चौकात, त्या प्रसिद्ध घड्याळाच्या समोरच टेबल धरतो आणि अर्ध्या लिटरला १२०-१३० चेक कोरुना मोजून उठतो. तीच पिल्स्नर उर्क्वेल तिथून दहा मिनिटं चाललं की ७०च्या आसपास मिळते, आणि बहुतेकदा जास्त ताजीही असते. चौकात तुम्ही घड्याळाचं भाडं भरता. एखाद्या संध्याकाळी ते भरायला हरकत नाही, पण रोज नको.

कोरुना सव्वाचार रुपयांचा धरा. म्हणजे साध्या होस्पोडामध्ये, तिथल्या मोहल्ल्याच्या बिअरखान्यात, अर्धा लिटर तीनशे रुपयांच्या आत. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये तेवढ्याच ग्लासाला कर धरून चारशे-पाचशे सहज जातात. चेक प्रजासत्ताकात २०२४च्या जानेवारीपासून नळाच्या बिअरवरचा व्हॅट १० वरून २१ टक्के झाला, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले ४०-४५ कोरुनांचे भाव आता विसरा.

मेन्यूकार्डावर १०°, ११°, १२° असे अंश दिसतील. हे अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्यापूर्वी रसात साखरेचा अर्क किती होता, त्याचा हा आकडा. दहा अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण चार टक्के, बारामध्ये साडेचार ते पाच. दहाची बिअर हलकी, आणि १०-१५ कोरुनांनी स्वस्त. तीन-चार ग्लास घ्यायचे असतील तर स्थानिक माणूस तीच मागवतो. अंशाशेजारी मापही वाचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी, विशेषतः क्राफ्ट बारमध्ये, ०.४ लिटरचा ग्लास असतो. ९५ कोरुनांची ०.४ लिटर आयपीए म्हणजे अर्ध्या लिटरला जवळपास १२० पडले. ग्लासवर मापाची रेघ असते आणि बिअर त्या रेघेपर्यंत हवी. कमी वाटली तर निःसंकोच दाखवा, तिथे त्यात कुणाला अपमान वाटत नाही. अपवाद ‘म्लीको’चा. त्यात ग्लासभर गोडसर, ओला फेसच असतो, तो भांडणाचा विषय नाही.

आता क्राफ्टबद्दल माझं मत. प्रागमध्ये जाऊन हॉप्सने कडू केलेली अमेरिकी धाटणीची आयपीएच शोधत फिरणं मला पटत नाही. १८४२ साली पिल्सेनमध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूमास्टरने जी सोनेरी लागर काढली, तिची नक्कल आज जगभर होते, आणि मूळ वस्तू इथे गल्लीत मिळते. ‘टँक’ची बिअर लिहिलेली जागा शोधा. ही पाश्चराइझ न केलेली बिअर कारखान्यातून टँकरने येते, थेट पबच्या टाक्यांत भरली जाते आणि लवकर संपते. चौकापासून जवळ, द्लोउहा रस्त्यावरचं ‘लोकाल’ हे त्याचं सोपं उदाहरण. मध्यवर्ती असूनही भाव ताळ्यावर, मात्र संध्याकाळी टेबल आधी राखून ठेवा.

लहान ब्रूअरी बघायच्याच असतील तर कार्लीन भागातलं ‘द्वा कोहोउती’ पाहा. आदाम मातुश्का या नावाजलेल्या ब्रूअरचा त्यात हात आहे. विनोह्राडीतली ‘विनोह्राडस्की पिव्होवार’ तळघरात आहे आणि तिची अकरा अंशांची लागर मुद्दाम जाण्याजोगी. २२ नंबरची ट्राम किल्ल्यावरून पुढे ब्र्झेव्नोव्हला जाते. तिथला बेनेडिक्टाइन मठ ९९३ सालचा, आणि आवारात आज पुन्हा बिअर बनते. किल्ल्याजवळच्या स्त्राहोव्ह मठाची ब्रूअरीही चांगली, पण वाटेवरच असल्याने दोन पैसे जास्त. ‘उ झ्लातेहो तिग्रा’ या जुन्या पबमध्ये लेखक बोहुमिल ह्राबाल बसायचे, आणि १९९४ साली चेक राष्ट्राध्यक्ष हाव्हेल अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना तिथेच घेऊन गेले. दुपारी दार उघडायच्या सुमारास पोहोचलात तरच जागा मिळेल. बहुतेक टेबलं नेहमीच्या गिऱ्हाइकांची असतात, आणि तिथला वेटर गोड बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका.

जुन्या पबमध्ये रिकामी खुर्ची दिसली तर विचारून बसायचं, अनोळखी लोकांच्या टेबलावरसुद्धा. वेटर कागदाची पट्टी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासाला एक रेघ ओढतो. ती पट्टी म्हणजेच बिल, हरवू नका. ग्लास संपला की काही ठिकाणी न विचारता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासवर कोस्टर ठेवा. पर्यटकांच्या गर्दीच्या जागी ट्रेमधून हर्बल लिकरचे छोटे पेले फिरवतात, टेबलावर खारे प्रेट्झेल लटकलेले असतात. त्यातलं काहीही फुकट नसतं. पाणीही विकतच, आणि कधीकधी खरोखरच बिअरच्या भावाला टेकलेलं.

शाकाहाऱ्यांची मदार ‘स्माझेनी सीर’वर, म्हणजे तळलेल्या चीजवर, बटाट्यांसह २०० कोरुनांच्या आसपास. आवरणात अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांनी मसाल्या-कांद्यासह तेलात मुरवलेलं हेर्मेलीन चीज मागवावं, पावासोबत छान लागतं.

तर साध्या संध्याकाळी तीन ग्लास २१०, तळलेलं चीज २००, टीप ४०, एकूण ४५० कोरुना, म्हणजे १,९०० रुपये. चौकात हेच करायला गेलात तर साडेतीन हजारांची तयारी ठेवा. टीप दहा टक्के पुरे, किंवा रक्कम वरच्या आकड्याला नेऊन तोच आकडा वेटरला सांगायचा. बिलात सेवाशुल्क आधीच जोडलंय का, ते बघून मगच.

बिअरपेक्षा जास्त पैसे गळतात ते चलनात. काही जुने पब अजून रोखच घेतात, म्हणून थोडे कोरुना खिशात लागतात. ते बँकेच्या एटीएममधून काढा, पर्यटनस्थळी उभ्या असलेल्या खासगी यंत्रांतून नको. यंत्राने ‘रुपयांत आकारू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा. पबमधल्या कार्ड मशीनवरही हाच नियम. बऱ्याच भारतीय कार्डांवर साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो, निघण्यापूर्वी बँकेला विचारून घ्या. युरोत पैसे देऊ नका, भाव दुकानदार ठरवतो. आणि चलन बदलून देणाऱ्या दुकानात ‘शून्य कमिशन’च्या पाटीखाली वाईट दर पदरात पडलाच, तर २०१९पासूनच्या कायद्यानुसार एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती घेऊन त्याच खिडकीवर परत जायचं.